दान आलेला व्हॉल्व्ह सोळा वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. होमोग्राफ्ट, म्हणजे गेलेल्या माणसाच्या हृदयातून काढून बँकेत साठवलेला व्हॉल्व्ह, माझ्या छातीत २००६ ते २०२२ होता. पाचपैकी चार स्टार. जो एक कापलाय तो व्हॉल्व्हसाठी नाही, दुसऱ्या ऑपरेशनबद्दल पहिल्या वेळी कुणी धड बोललंच नाही त्यासाठी. एकदा बसवला की जन्माची चिंता मिटली असं समजून घेणार असाल तर घेऊ नका, पण पुढची दहा-पंधरा वर्षं रक्त पातळ करायच्या गोळीशिवाय काढायचीत असं काही ठोस कारण असेल तर याच्या तोडीचं फार काही नाही बाजारात. बाजारात म्हणायचं आपलं, विकत मिळत नाही हा, कायद्याने विकताच येत नाही, हॉस्पिटल प्रोसेसिंगचे पैसे घेतं तेवढेच, आणि माझ्या बिलात ती एक साधी ओळ होती, औषधांच्या आणि सुया-सलाईनच्या मधे कुठेतरी.

मी सांगलीची, शाळेत गणित शिकवते. माझा महाधमनीचा व्हॉल्व्ह जन्मापासूनच दोन पाकळ्यांचा, तीन असायला पाहिजेत. बायकस्पिड म्हणतात, शंभरात एखाद-दोघांना असतो आणि बऱ्याच जणांना म्हातारपणापर्यंत पत्ताही लागत नाही. मला लागला लग्नानंतर वर्षभरात, गणपतीच्या वेळी सर्दी-खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी स्टेथोस्कोप ठेवला तो उचलेचनात. टूडी इको केला तर व्हॉल्व्ह भरपूर गळत होता, पुढे ढकललेलं रक्त परत मागे येत होतं आणि त्याने डावा कप्पा फुगायला लागला होता. मला त्रास म्हणाल तर काही नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं तारीख-वार लिहीत उभी राहायची इतकंच. वय २६.

पर्याय चार होते आणि ते आम्हाला तीन डॉक्टरांकडून तुकड्या-तुकड्यात कळले. मेटलचा बसवला तर तो झिजत नाही, आपल्याकडे तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला चित्रा व्हॉल्व्ह १९९० पासून बसतोय आणि परदेशी व्हॉल्व्हपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, पण मेटल म्हटलं की त्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम जन्मभर. डुकराच्या किंवा गाईच्या टिश्यूचा बसवला तर गोळी सुटते पण तरुण माणसात तो लवकर खराब होतो. तिसरं रॉस ऑपरेशन, त्यात आपलाच फुप्फुसाकडचा व्हॉल्व्ह काढून महाधमनीच्या जागी लावतात आणि त्या रिकाम्या जागेवर दान आलेला. आणि चौथा सरळ महाधमनीच्या जागीच दान आलेला. टिश्यूच्या बाबतीत सासूबाईंना प्राण्याचं शरीरात नको होतं आणि मेलेल्या माणसाचं तर त्याहून नको होतं, त्यामुळे त्यांच्या मते मेटल बेस्ट, स्टीलची भांडी कशी टिकतात बघा. (तो व्हॉल्व्ह स्टीलचा नसतो हे मी त्यांना सांगितलं नाही.)

आमचा प्रश्न वेगळाच होता, आम्हाला मूल हवं होतं. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत जातं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाची-हाडांची वाढ बिघडवू शकतं, म्हणून मग त्या काळात गोळीऐवजी रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं, त्यात व्हॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती, पुन्हा गोळी, पुन्हा डिलिव्हरीच्या आधी इंजेक्शनं. करतात बायका हे सगळं, पार पडतंही, पण धोका दोघांना असतो. चेन्नईच्या ज्या सर्जनना आम्ही शेवटी दाखवलं त्यांनी टेबलावर एक झेरॉक्स सरकवली, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा १९९९ चा पेपर होता, तरुण वयात व्हॉल्व्ह बदललेल्या २३२ बायकांचा. दहा वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण मेटलवाल्यांत ७० टक्के, टिश्यूवाल्यांत ८४ आणि होमोग्राफ्टवाल्यांत ९६. व्हॉल्व्ह निकामी होण्याचं प्रमाण टिश्यूमध्ये दहा वर्षांत ८२ टक्के आणि होमोग्राफ्टमध्ये २८, म्हणजे जवळपास मेटलइतकंच. आणि गरोदरपणामुळे टिश्यू व्हॉल्व्ह लवकर जातो ही जी जुनी समजूत होती ती त्या आकडेवारीत दिसली नाही, तरुण वय हेच मुळात कारण. आता गणिताची बाई म्हणून लगेच सांगते, हे तीन गट सारखे नव्हते, कुणाला कुठला व्हॉल्व्ह बसवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, ज्यांची हृदयं आधीच जास्त खराब त्यांच्यात मेटल जास्त बसला असणार, तेव्हा ७० आणि ९६ मधला सगळा फरक व्हॉल्व्हचाच असं धरू नका. मी त्या दिवशी धरला होता हेही तितकंच खरं, आणि तरी निर्णय बरोबरच निघाला.

रॉसबद्दल मी विचारलं होतं. सर्जन म्हणाले तुमचा व्हॉल्व्ह गळका आहे, व्हॉल्व्ह ज्यात बसतो ती रिंग मोठी झालीय, अशा पेशंटमध्ये तिथे नेऊन बसवलेला तुमचाच व्हॉल्व्ह पुढे पसरायची शक्यता जास्त, आणि मग एका व्हॉल्व्हच्या दुखण्यापायी दोन व्हॉल्व्हची दुखणी. हे पटण्यासारखं होतं. पुढे २०१० मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलला लंडनचे सर्जन मॅग्दी याकूब यांच्या टीमचा अभ्यास आला, त्यात मात्र चिठ्ठ्या टाकूनच ठरवलं होतं, २१६ पेशंट, निम्म्यांना रॉस आणि निम्म्यांना होमोग्राफ्ट, आणि दहा वर्षांनी रॉसवाले ९७ टक्के जिवंत, होमोग्राफ्टवाले ८३. तो वाचला तेव्हा माझी धाकटी पोटात होती आणि मी दोन रात्री धड झोपले नाही. आज कुणी चाळिशीच्या आतला मला विचारतो तेव्हा मी हा आकडा आधी सांगते आणि मग हेही सांगते की रॉस हे हात बसलेल्या सर्जननेच करायचं काम आहे, आणि आपल्याकडे जे रूमॅटिक तापाने व्हॉल्व्ह गेलेले तरुण पेशंट असतात त्यांच्यात दिल्लीच्या एम्सचा अनुभव असा की त्या तापाने नव्या जागी लावलेल्या स्वतःच्या व्हॉल्व्हलाही धरलं. म्हणजे लंडनचा रिझल्ट सांगलीत जसाच्या तसा लागू होईल असं नाही.

आता वस्तूविषयी. ही आयडिया फार जुनी आहे, ज्यांच्या नावाचं ते रॉस ऑपरेशन त्या डोनल्ड रॉस यांनी लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जुलै १९६२ मध्ये पहिल्यांदा दान आलेला व्हॉल्व्ह त्याच्या मूळ जागी बसवला आणि काही आठवड्यांतच ऑकलंडला ब्रायन बॅरट-बॉइज यांनी तेच केलं, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. सुरुवातीला हे व्हॉल्व्ह केमिकलमध्ये ठेवून बघितले, सुकवून बघितले, रेडिएशन देऊन बघितले, आणि असले व्हॉल्व्ह आत जाऊन लवकर फाटायचे. मग अँटिबायोटिकच्या पाण्यात ४ डिग्रीला ठेवायला लागले, आणि १९७५ पासून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला मार्क ओब्रायन यांनी द्रव नायट्रोजनवर गोठवून ठेवलेले वापरायला सुरुवात केली. माझा या शेवटच्या जातीचा.

तो कसा येतो हे मला तिथल्या एका नागपूरच्या रेसिडेंट मुलीने सांगितलं, मराठी ऐकून ती आपणहून बेडपाशी यायची. टाकीतून पाकीट काढतात तेव्हा ते आतून ठणठणीत कडक असतं, वाफा निघतात, हातमोजे दोन-दोन घालायचे, आणि पाकीट कुठे आपटलं-वाकवलं तर आतल्या भिंतीला बारीक चिरा जायची भीती म्हणून एकजण नुसता धरून उभा. मग कोमट सलाईनमध्ये सोडतात, आणि गोठताना पेशींना इजा होऊ नये म्हणून जे केमिकल घातलेलं असतं ते टप्प्याटप्प्याने तीन-चार भांड्यांतून धुऊन काढतात. एवढं झाल्यावर हातात येतो तो महाधमनीचा बोटभर लांबीचा तुकडा, मऊ, आत तीन पाकळ्या, इतक्या पातळ की खालचा हातमोजा दिसतो म्हणाली. माझा २२ मिलिमीटरचा होता. व्हॉल्व्ह बँकेने दात्याचं नाव सांगायचं नसतं, सांगितलंही नाही. एवढं कळलं की तरुण होता आणि अपघात होता. यापुढे मी काही विचारलं नाही आणि तुम्हाला सांगते, बरंच झालं.

रक्तगट जुळवावा लागतो का हे सगळे विचारतात. सहसा बघत नाहीत, साइज महत्त्वाची. किडनी बदलल्यावर रिजेक्शन होऊ नये म्हणून जशी औषधं चालतात तशीही काही नाहीत. पण शरीराला कळत नाही असं नाही बरं का, आतल्या दात्याच्या पेशी हळूहळू मरतात, शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी पण बनवतं, आणि उरतो तो सांगाडा. सांगाडा दुरुस्त होत नाही, नुसता वापरला जातो आणि त्यावर कॅल्शियम बसत जातं. तरुण शरीरात हे जोरात चालतं आणि म्हाताऱ्या शरीरात रमतगमत, हा या सगळ्या धंद्यातला सगळ्यात उलटा नियम आहे, ज्याला जास्त वर्षं हवीत त्याच्यातच कमी टिकतो.

ओब्रायन यांनी २००१ मध्ये २९ वर्षांचा हिशोब छापला, १,०२२ व्हॉल्व्ह, आणि जवळजवळ एकूण एक पेशंटचा माग काढलेला, ९९.३ टक्के. हे मला आजही आश्चर्य वाटतं, आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाला दहावीच्या एका बॅचचे पत्ते मिळत नाहीत. तर त्यातल्या माझ्यासारख्या गोठवलेल्या व्हॉल्व्हमध्ये पंधरा वर्षांनी व्हॉल्व्ह झिजल्यामुळे पुन्हा ऑपरेशन न लागलेले किती, तर वीसच्या आतल्यांत ४७ टक्के, २१ ते ४० मध्ये ८५, ४१ ते ६० मध्ये ८१ आणि साठीच्या पुढे ९४. मी २१ ते ४० च्या खणात. ८५ म्हणजे डिस्टिंक्शनच की! वर्गात मी पोरांना नेहमी सांगते की टक्के दिसले की विचारायचं कशाचे टक्के आणि किती वर्षांचे, कारण त्या टेबलात पंधरा वर्षांच्या पुढचा रकाना माझ्यासाठी रिकामाच होता आणि मला त्या वेळी जगायचं होतं निदान पन्नास वर्षं.

वापराचा अनुभव. पहिली बारा वर्षं, काही म्हणजे काहीच नाही, आणि हे कौतुकाने सांगतेय. आवाज नाही. गोळी नाही, म्हणजे पहिले काही महिने ॲस्पिरिन होती ती सुटली. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, नाही, दर महिन्याला लॅबमध्ये हात पुढे करायला नको, मेथी किती खाल्ली याचा हिशोब नको. याला आत तारेची रिंग किंवा फ्रेम नसते त्यामुळे रक्ताला वाट मोकळी मिळते, माझा इकोवरचा ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रेशरमधला फरक, वर्षानुवर्षं ७-८ च्या वर गेला नाही, नवीन डॉक्टर रिपोर्ट बघून विचारायचे ऑपरेशन नक्की झालंय ना. फुगलेला कप्पा वर्षभरात जवळपास नॉर्मलला आला. मोठा २००८ मध्ये झाला, धाकटी २०११ मध्ये, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी, सांगलीतच, फक्त दोन्ही वेळा इको जास्त आणि कार्डिओलॉजिस्ट फोनच्या अंतरावर. सासूबाईंनी पहिल्या नातवाचं तोंड बघितल्यावर मेलेल्या माणसाचा हा शब्द कधीच काढला नाही, उलट पितृपंधरवड्यात एक पान जास्त वाढायला लागल्या, कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती.

एकच पथ्य, दात. हा व्हॉल्व्ह माणसाचा असला तरी बसवलेलाच असतो, त्यामुळे दाढ काढणं, रूट कॅनाल, दातांची खोल सफाई, या सगळ्याच्या तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून जाऊन व्हॉल्व्हवर घर करतात. इन्फेक्शनने महाधमनीचं मूळच पोखरलंय अशा पेशंटमध्ये सर्जन मुद्दाम होमोग्राफ्ट शोधतात कारण त्यात कापड नसतं, तारा नसतात आणि पोखरलेल्या जागेत तो नीट बसवता येतो, हे खरंय, पण म्हणून त्याला इन्फेक्शन होतच नाही असं नाही. आमच्या गल्लीतल्या डेंटिस्टला हे दर वेळी मी सांगायची आणि तो दर वेळी म्हणायचा, अहो मॅडम पण मेटलचा नाही ना.

मग उतार. २०१८ च्या इकोत किंचित गळती, २०२० मध्ये मध्यम, मधे लॉकडाऊन, ऑनलाइन तास घेताना दम लागतोय की पोरांच्या माइकमुळे जीव जातोय कळेना, आणि २०२२ च्या सुरुवातीला सिव्हिअर. एक पाकळी फाटली होती. बघा, म्हणजे ८५ टक्क्यांच्या बाहेरही मी पडले नाही, पंधरा वर्षं त्याने नीट भरली आणि सोळाव्यात राजीनामा दिला. व्हॉल्व्हबद्दल माझी तक्रार शून्य.

तक्रार आहे ती इथून पुढे. पहिल्या वेळी हे सांगितलं गेलं होतं की "कदाचित पुढे बदलावा लागेल", मोघम, जसं काही गॅसचं सिलिंडर. माझ्यात नुसत्या पाकळ्या नाही तर महाधमनीचं अख्खं मूळ दात्याचं बसवलं होतं, हृदयाला रक्त देणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या सोडवून त्याला जोडल्या होत्या, ज्याला रूट म्हणतात ते. आणि सोळा वर्षांत त्या मुळाची भिंत पाकळ्यांच्याही आधी चुन्यासारखी झाली. सीटीवर पांढरीफटक नळी दिसत होती. दुसऱ्या सर्जनच्या भाषेत, अंड्याचं कवच आहे, टाका घालायला गेलो तर तुकडा निघेल. हे २००६ मध्ये माहीत नव्हतं अशातला भाग नाही, तेव्हाही माहीत होतं, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी हाच व्हॉल्व्ह घेतला असता पण मग २०२२ साठी पैसे, रजा आणि मन तिन्ही तयार ठेवलं असतं. दुसरी तक्रार, जुन्या हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट मिळवताना नवऱ्याने जे काही केलं ते लिहायचं तर वेगळा रिव्ह्यू होईल. रेकॉर्ड जुनं झालं, गोडाऊनला आहे, अर्ज करा, स्वतः या. डिस्चार्ज कार्डवर फक्त होमोग्राफ्ट एवढाच शब्द, मूळ बसवलं की नुसता आत शिवला, रक्तवाहिन्यांची कापून काढलेली तोंडं (सर्जन त्यांना बटणं म्हणतात) कुठे जोडली, काही नाही, आणि पुन्हा छाती उघडणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच पूर्ण ऑपरेशन नोट आणि व्हॉल्व्हचा नंबर मागा, झेरॉक्स काढा, फोटो काढून तीन जणांना पाठवून ठेवा. बिल भरायच्या आधी मागा, नंतर कुणी विचारत नाही.

मांडीतून तार घालून नवीन व्हॉल्व्ह जुन्याच्या आत बसवायचं, टावी, तेही विचारून झालं. माझ्या बाबतीत नाही म्हणाले, व्हॉल्व्ह अरुंद नव्हता, गळका होता, रक्तवाहिन्यांची तोंडं खाली होती ती झाकली जाण्याची भीती, आणि ४२ व्या वर्षी परत एक टिश्यूचा बसवून पुन्हा दहा-बारा वर्षांनी याच खुर्चीत. तेव्हा उघडंच ऑपरेशन, पुण्याला. छातीचं हाड दुसऱ्यांदा कापताना खाली महाधमनी हाडाला चिकटलेली असू शकते, म्हणून सीटीवर अंतर मोजतात, मांडीच्या शिरेतून हार्ट-लंग मशीनच्या पंपाची सोय आधीच करून ठेवतात, रक्ताच्या बाटल्या तयार. पहिल्या वेळी नवऱ्याला दुपारच्या जेवणाच्या सुमाराला सर्जन भेटले होते, दुसऱ्या वेळी दिवे लागल्यावर. सर्जननी भिंतीला हात लावला नाही, कवच तसंच ठेवून आतल्या पाकळ्या तेवढ्या काढल्या आणि तिथे मेटलचा बसवला. सगळं मूळ बदललं असतं तर रक्तवाहिन्या त्या चुन्यातून सोडवाव्या लागल्या असत्या.

म्हणजे आता माझ्याकडे दोन्ही प्रॉडक्ट वापरल्याचा अनुभव आहे, तुलना करायला मी लायक आहे. मेटलचा रात्री कूस बदलली की ऐकू येतो, परीक्षेच्या सुपरव्हिजनला वर्ग शांत असला की पहिल्या बाकावरची पोरं घड्याळ शोधतात. ॲसिट्रॉम रोज संध्याकाळी, आयएनआर महिन्याला, तो कधी १.८ तर कधी ३.४, हिरड्यातून रक्त आलं की आधी घाबरायचं मग ब्रश बदलायचा. पण मुलं मोठी झालीयत, गोळी मला आता परवडते. २६ व्या वर्षी परवडली नसती. क्रम असाच हवा होता, आधी दानाचा आणि मग मेटलचा, उलटा नाही. हेच मी कुणी विचारलं की सांगते, व्हॉल्व्ह निवडताना कुठला चांगला हे विचारू नका, कुठला आधी आणि कुठला नंतर हे विचारा, कारण तिशीच्या आत ऑपरेशन झालेल्याला बहुतेक वेळा दोन लागणारच.

लहान मुलांच्या आईबाबांचे फोन येतात मला, कुणाकडून तरी नंबर मिळवून, त्यांच्यासाठी थोडं. त्यांच्या मुलांत सहसा फुप्फुसाच्या बाजूला बसवतात, जन्मतःच ती वाट बंद किंवा अरुंद असते म्हणून. ही हृदयाची उजवी बाजू, तिथे प्रेशर कमी त्यामुळे मोठ्या माणसात तिथला होमोग्राफ्ट डावीकडच्यापेक्षा बरा टिकतो, पण बाळाचा प्रॉब्लेम झिजेचा नंतर आणि मापाचा आधी, बाळ वाढतं आणि व्हॉल्व्ह वाढत नाही. ओब्रायनच्या टेबलातले वीसच्या आतले ४७ टक्के आठवा, आणि तान्ह्या बाळांत तर मुदत याहून तोकडी. २००० मध्ये फिलिप बोनहोफर यांनी पायाच्या शिरेतून नेऊन जुन्या नळीच्या आत नवीन व्हॉल्व्ह उघडायची पद्धत आणली, त्यामुळे दर वेळी छाती उघडावी लागत नाही, पण त्यालाही नळीचं माप निदान बऱ्यापैकी लागतं. जर्मनीत हॅनोव्हरला दात्याच्या पेशी आधीच धुऊन काढून नुसता सांगाडा बसवतात, शरीराने चिडू नये म्हणून, आणि त्याचे मधल्या पल्ल्याचे रिझल्ट चांगले आहेत. आणि सगळ्यात डोळे विस्फारायला लावणारं म्हणजे २०२२ मध्ये अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत जेमतेम अडीच आठवड्यांच्या बाळाला गोठवलेला नाही तर दुसऱ्या बाळाच्या हृदयातला ताजा, जिवंत व्हॉल्व्ह धमन्यांसकट बसवला, रिजेक्शनची थोडी औषधं चालू ठेवली, आणि तो बाळाबरोबर वाढतोय असं त्यांनी २०२४ च्या सुरुवातीला छापलं. वाढतोय! यावर पंधरा वर्षांचा रिव्ह्यू लिहायला अजून कुणी मोठं झालेलं नाही, तेव्हा स्टार मी देत नाही.

मिळण्याबद्दल. दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, चेन्नई, अशा मोजक्या ठिकाणी व्हॉल्व्ह बँका चालत आल्यात, आणि हव्या त्या मापाचा हव्या त्या दिवशी असेलच असं नाही. आम्ही राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूरला जाऊन पुढे चेन्नई गाठलं, आणि तारीख मिळूनही माप नाही म्हणून लॉजवर बसून राहिलो, नवरा इडली खाऊन खाऊन इतका कंटाळला की परत आल्यावर कित्येक महिने घरात इडलीचं नाव काढलं नाही.

तुटवडा आहे तो दात्यांचा, आणि इथे लोकांना एक गोष्ट माहीत नसते. आपल्याकडे हृदय द्यायचं तर सहसा ब्रेन डेड व्हावं लागतं, हृदय धडधडत असताना काढतात. व्हॉल्व्हला तशी अट नाही, साध्या मृत्यूनंतरही काही तासांत, म्हणजे मृतदेह वेळेत गार ठेवला तर दिवसभराच्या आत, तो काढता येतो, डोळ्यांसारखंच. २०११ च्या दुरुस्तीने आपल्या अवयवदानाच्या कायद्यात टिश्यू पण आले. अडचण अशी की डोळे काढायला टीम घरी येते आणि व्हॉल्व्ह काढून साठवणारी बँक जवळपास नसते, तेव्हा नुसता फॉर्म भरून उपयोग नाही, आपल्या भागात कोण घेतं ते आधी विचारून ठेवायला लागतं. मुंबईत केईएममध्ये अवयवदानाचं काम बघणारं पश्चिम विभागाचं रोट्टो-सोट्टो ऑफिस आहे आणि पुणे-नागपूरला झेडटीसीसी म्हणजे त्याच कामाची विभागीय केंद्रं आहेत, तिथे फोन करून विचारता येतं. आमच्याकडे सासूबाईंनी गेल्या वर्षी आपणहून फॉर्म मागितला. मी म्हटलं आई, साठ-पासष्टच्या पुढचा व्हॉल्व्ह सहसा घेत नाहीत, तुमचा ७४ चा. त्या म्हणाल्या मग डोळे लिही, आणि व्हॉल्व्हच्या रकान्यात तुझ्या नवऱ्याचं नाव घाल, तो अजून ४८ चाच आहे. नवरा समोर चहा पीत होता. त्याने सही केली.